हूमचं अंडं

आमच्या भूमच्या घरात स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जुनी पत्रकं अंथरलेली असत आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निजामाविरुद्धच्या लढ्यात ती बार्शीहून धोतराच्या घडीत लपवून आणली होती. निजामी गेली, दादा कचेरीत कारकून झाले आणि उरलेल्या गठ्ठ्यांचं काय करायचं म्हणून आईनं ते डब्यांखाली घातले. त्यामुळं मी लावून वाचलेला पहिला मोठा शब्द 'अत्याचार' होता आणि त्यातल्या 'त्या'वर हळदीचा डाग होता. आई भाकरी थापता थापता मान न उचलता विचारायची, "विमल, काल 'हैदराबादच्या जनतेनं'पर्यंत झालं होतं. पुढं काय केलं जनतेनं?" आणि पुढचा कागद नेमका मिठाच्या बरणीखाली असायचा. बरणी उचलली की जनता उठाव करायची. भाकरीच्या वासात आणि थापण्याच्या ठेक्यात मी असे कितीतरी उठाव वाचले.

दादा फार बोलत नसत, पण पत्रकांबद्दल त्यांचे दोन नियम होते. खोटं छापायचं नाही आणि छापलेलं मागं घ्यायचं नाही. "एकदा मागं घेतलं, की तुझं पुढचं कुणी वाचत नाही," असं ते कोट खुंटीला लावताना म्हणायचे. मी सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत या दोन नियमांवर मी अख्खा तालुका हलवू शकते अशी माझी खात्री झाली होती. विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू द्या, मुलींना सातवीनंतर घरी बसवू नका, अशी पत्रकं मी हातानं लिहायची आणि जोंधळ्याच्या पिठाची खळ करून पोस्टाच्या भिंतीला चिकटवायची. आईचा पत्रकांना विरोध नव्हता, पिठाला होता. "क्रांती कर गं बाई, पण चाळून उरलेल्या कोंड्यात कर," म्हणायची.

याच दिवसांत माझ्या आयुष्यात निसर्ग केंद्र आलं. गावापासून दोनेक मैलांवर जंगल खात्याची एक पडकी चौकी होती. नरहर मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी ती चौकी मागून घेतली, भिंती सारवल्या, दारावर स्वतःच्या हातानं 'निसर्ग केंद्र' असं रंगवलं. लोक मात्र तिला झाडांची शाळा म्हणायचे. मास्तर झाडाला 'दरख्त' म्हणत आणि पटलेल्या गोष्टीला 'बराबर'. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण प्रत्येक ऋतूला काहीतरी घडवून आणायची विलक्षण खोड होती. वैशाखात बिया गोळा करायच्या. त्यासाठी ते आम्हांला झाडाखाली नेत नसत, शेळ्यांच्या गोठ्यात नेत. शेळीनं चघळून टाकलेली बाभळीची बी लवकर रुजते, म्हणून आम्ही नाकाला पदर लावून खतात बिया वेचायचो आणि एकमेकींना हसायचो. आषाढात लावणी. श्रावणात गवताची ओळख: डोळे बांधून पवना कोणता, मारवेल कोणतं, ते वासावरून सांगायचं. पौषात हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, आणि शेंगदाण्याची चटणी नि दह्याची गाडगी पंक्तीतून फिरायची. गावातलं भजनी मंडळ न बोलावता यायचं आणि हुरडा संपला तरी उठायचं नाही.

मला सगळ्यात आवडायचा तो नवलाईचा दिवस. सुगी संपली की शेतकऱ्यांनी आपापल्या रानात सापडलेली नवलाची वस्तू आणायची आणि सगळ्यांपुढं ठेवायची. कुणी तीन शेंड्यांचं कणीस आणी, कुणी सापाची अखंड कात, कुणी शंखासारखा दगड. जवळच्या वाशी गावाकडून आलेल्या एका म्हाताऱ्यानं एकदा नुसती ओंजळभर माती आणली आणि म्हणाला, "हिचा वास घ्या. म्या साठ वर्सं घेतोय." लोक हसले नाहीत. रांगेनं येऊन वास घेऊन गेले. आज मी मोठमोठ्या सभागृहांतले कार्यक्रम पाहते, पुढच्या रांगेत सोफे असतात, पण त्या मातीच्या ओंजळीपुढं लागलेल्या रांगेसारखी रांग मला पुन्हा दिसली नाही.

चौकीच्या पश्चिमेला गावाचं गायरान होतं. नजर जाईल तिथपर्यंत दगडगोटे आणि गुडघ्याएवढं गवत. एकही झाड नाही. सरकारी नकाशात तो माळ 'पडीक' होता आणि मास्तरांच्या शिकवण्यातही. एका वर्षी मास्तरांनी ठरवलं, की यंदाच्या वनमहोत्सवात दहा-वीस रोपांचा खेळ करायचा नाही, अख्खा माळ झाडांनी भरायचा. पंचक्रोशीतली माणसं बोलवायची. तालुक्याचे साहेब पहिलं रोप लावतील आणि काम आवडलं तर केंद्राला विहीर मंजूर करतील. विहिरीशिवाय रोपं जगत नव्हती, मास्तर दोन घागरी खांद्यावर घेऊन फिरत. ते मला म्हणाले, "विमल, लोकांना बोलावणं तुझ्याकडं. असं लिही, की घरात बसवणार नाही."

मी लिहिलं. त्या वयात जितका जोर असतो तितका सगळा त्यात घातला. 'या माळावर काही नाही,' अशी सुरुवात होती. 'पाखरू नाही, सावली नाही, जीव नाही. हा माळ आपल्या कपाळावरचा डाग आहे. घरामागं एक माणूस आणि एक टिकाव घेऊन या, आणि तो पुसून टाका.' दादांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून बार्शीच्या छापखान्यात नेऊन दिलं. छापील गठ्ठा घेऊन ते एसटीतून उतरले तेव्हा मी स्टँडवर उभी होते. गुलाबी कागद, ओली शाई, खाली बारीक अक्षरांत माझं नाव. मी नाक लावून वास घेतला आणि नाकाला शाई लागली.

ते पत्रक वणव्यासारखं पसरलं. बाजारच्या दिवशी खव्याच्या पाट्यांवर ते झाकण म्हणून दिसलं, न्हाव्याच्या आरशाला चिकटलेलं दिसलं. दवंडीवाल्यानं त्यातली वाक्यं पाठ करून हलगीवर म्हटली. जळकोटच्या आमच्या एका सोयऱ्यांनी इतक्या लांबून निरोप पाठवला, की आम्हीबी टिकाव पाजळून ठेवलाय. मला रस्त्यानं चालता येईना. जमिनीला पाय लागत नव्हते म्हटलं तरी चालेल.

महोत्सवाला दोन दिवस उरले असताना खड्ड्यांच्या जागा आखायला मी माळावर गेले. एका हाती दोरी, दुसऱ्या हाती चुन्याची पाटी. दोरी ताणायची, चुना टाकायचा, पुढं सरकायचं. रिमझिम चालू होती. अर्धा माळ आखून झाला तेव्हा मागून हाक आली, "ए बाय, थांब! तिकडं दोरी न्हेऊ नगं."

धोंडाबाई धनगरीण होती. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं मेंढरांचा कळप. बाजारात लोकर विकायला यायची म्हणून मी तिला ओळखत होते. मी ताठ्यानं म्हणाले, "का नको? गायरान आहे धोंडाबाई, सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं हाय म्हनूनच म्हनते. पायाखाली बघ."

माझ्यापासून चार पावलांवर तीन दगड एकावर एक रचलेले होते आणि वरच्या दगडाला लोकरीचा पांढरा झुबका गुंडाळला होता. माझी चुन्याची रेघ सरळ तिकडंच चालली होती. धोंडाबाईनं मला दंडाला धरून वाकवलं. दगडांच्या पलीकडं, गवताच्या दोन ठोंबांमध्ये, उघड्या जमिनीवर एक अंडं होतं. कोंबडीच्या अंड्यापेक्षा खूप मोठं, मातकट हिरवं, त्यावर तपकिरी शिंतोडे. घरटं नाही, काडी नाही. दगड समजून मी त्यावर पाय दिला असता.

"हूमचं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. पुस्तकात ज्याला माळढोक म्हणतात त्या पक्ष्याला धनगर हूम म्हणायचे, तो घुमतो तसं. "तुजी चाहूल लागली म्हनून उठून गेली. ती बघ."

लांब गवतात एक मान उभी होती. लांडोरीहून उंच, करडी-पांढरी, डोक्यावर काळी टोपी. आमच्याकडं बघत, अजिबात न हलता. एवढा मोठा पक्षी माझ्या गावच्या माळावर राहतो आणि मला माहीत नाही! मी चुन्याची पाटी खाली ठेवली.

"वर्साला येकच घालती. ह्ये फुटलं की वरीस गेलं. झुबका दिसला की आमची मेंढरं वळसा घालून जात्यात. माजी सासू असंच करायची, तिची सासूबी." मग तिनं माझ्या रेघांकडं काठी केली. "ह्ये कशाला?"

मी सांगितलं. पत्रक तिला वाचूनही दाखवलं, कारण ते माझ्या कमरेला खोचलेलं असायचंच. 'पाखरू नाही, जीव नाही' इथं आल्यावर माझाच आवाज बसला. धोंडाबाईला इतकं हसू आलं, की तिला काठीचा आधार घ्यावा लागला.

"किती दिस ऱ्हायलीस गं माळावर, ह्ये लिवायच्या आदी?"

"एकही नाही."

"मंग बराबर हाय. घरातनं काय दिसनार?"

मी पळतच घरी आले. दादा कचेरीतून येऊन चहा घेत होते. सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हेच, "छापलेलं मागं घ्यायचं नसतं विमल."

"पण दादा, खोटं छापलं गेलंय."

त्यांच्या दोन नियमांची अशी समोरासमोर गाठ त्यांनी कधी पाहिली नसावी. आई चुलीपाशी येसराची आमटी ढवळत होती. "आमटीत मीठ जास्त पडलं तर मी पाणी घालते की नाही? का पहिल्यांदा वाढलं तेच खरं म्हणून गिळता तुम्ही?"

"आमटी वेगळी."

"काही वेगळी नाही. वाढणारीनंच सांगायचं असतं, थांबा, चुकलंय."

मास्तरांना सांगणं जास्त अवघड होतं, कारण विहीर जाणार होती. ते चौकीच्या पायरीवर उकिडवे बसले आणि बराच वेळ माळाकडं बघत राहिले. "तीस वर्षं मुलांना 'पडीक' हा लफ्ज शिकवला. एकदा उभं राहून बघितलं नाही." मग उठले आणि एकदम तरतरीत झाले. "दरख्त ओढ्याच्या काठी लावू. करंज, जांभूळ, उंबर. जागा तिथंच बराबर आहे. पण एवढी माणसं माळ खणायला येतील, त्यांना वळवणार कोण?"

"ज्यानं बोलावलं तो," मी म्हणाले.

महोत्सवाच्या सकाळी जे दृश्य दिसलं ते मी आजही डोळे मिटून पाहू शकते. चिखलातून बैलगाड्यांची रांग, गाड्यांत टिकाव, फावडी, पाट्या, भाकरीची गाठोडी, मांडीवर पोरं. लेझीम, हलगी, घोंगड्यांच्या खोळी. बायका धपाट्यांची चवड घेऊन आलेल्या. माझ्या एका कागदानं हे सगळं आणलं होतं! मी एका गाडीवर चढले आणि पत्रक उंच धरून पहिल्यापासून वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हणाले, "यातली पहिली दोन वाक्यं खोटी आहेत. ती मी न बघता लिहिली. माळावर पाखरू आहे, त्याचं अंडं आहे. आपण माळ खणायचा नाही, ओढा गाठायचा."

मग एकजण ओरडला, "अगं पोरी, परवा बोलावलंस आन आज हाकलतीस व्हय?" दुसरा म्हणाला, "येका अंड्यासाटी येवडा गाव? आमलेट तरी पुरंल का?" हशा उसळला. मला रडू येण्याच्या आत धोंडाबाई मेंढरांसकट पुढं आली. "हसताय काय? तुमच्या बायका बाळंत व्हत्यात तवा दारात टिकाव मारता का?" बायका आधी हसल्या, मग त्याच ओढ्याकडं वळल्या, आणि बायकांच्या डोक्यावर धपाटी असल्यामुळं पुरुषही वळले.

साहेबांची जीप आली तेव्हा ओढ्याकाठी काम जोरात चालू होतं. साहेब भले गृहस्थ होते. जागा बदलली याचं त्यांना काही वाटलं नाही. उलट "पाण्याजवळ रोपं जगतील" म्हणाले. मास्तरांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. विहीर वाचली होती. पण साहेबांबरोबर त्यांचे एक पाहुणे होते, खाकी कपड्यांतले, गोड बोलणारे, आणि जीपमध्ये मागं त्यांची बंदूक होती. अंड्याची गोष्ट कुणीतरी त्यांच्या कानावर घातली. ते सरळ माझ्याकडं आले.

"माळढोक आहे म्हणे इथं? किती वर्षं शोधतोय. कुठं पाहिलास मुली?"

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? त्याच्यासारखं मटण नाही." आणि ते मोकळेपणानं हसले. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्या काळी तसं कुणालाच वाटत नव्हतं.

आजूबाजूची फावडी थांबली. सगळे माझ्याकडं बघत होते. ही पोरगी खोटं बोलत नाही, हे गावाला ठाऊक होतं. मी स्वतःच ते पोस्टाच्या भिंतीवरून दहा वेळा सांगितलेलं. अर्ध्या तासापूर्वी मी दोन वाक्यांच्या खोटेपणाची सगळ्यांसमोर कबुली दिली होती. मी हात उचलला आणि पूर्वेकडं, टेकाडाच्या पलीकडं बोट दाखवलं. "तिकडं. पळसांच्या मागं."

जीप गेली. धोंडाबाई पश्चिमेकडं, माळाकडं पाठ करून बसली आणि चिलीम भरू लागली.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ते परत आले, बूट चिखलानं भरलेले. "दगडांशिवाय काही नाही तिथं. खरंच होता का पक्षी?" आवाजात राग नव्हता, चौकशी होती, आणि तेच वाईट होतं. मी 'होता' म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा माळ पालथा घातला असता. दादा समोरच उभे होते, हातात करंजाचं रोप. त्यांच्याकडं बघून बोलणं मला जमलं नाही. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "नसेल. मला भास झाला असेल."

आधी कुणालाच कळेना. मग हशा पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "म्हंजे पत्रकबी खोटं आन त्याच्यावरचं भाषनबी खोटं!" "हिचं नाव भासवाली ठेवा रं!" पाहुण्यांनी मान हलवली आणि जीपकडं गेले. त्या हशात दादांचा आवाज एकदम मोठ्यानं आला. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "चला, चला, हात धुवा! रोपं सुकतायत, लावणी राहिलीय!" आणि ते गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती ओढू लागले.

भासवाली हे नाव मला दोन वर्षं पुरलं. दादा म्हणत तसंच झालं. माझी पुढची पत्रकं लोक भिंतीवर बघत, नाव वाचत आणि हसून पुढं जात. मुलींच्या शाळेचं पत्रक मी जीव ओतून लिहिलं होतं. त्याखाली कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'भास'. मी कुणालाच खुलासा केला नाही. खुलासा म्हणजे पत्ता सांगणं. आता सांगायला हरकत नाही, कारण त्या माळावर आता शेतं आहेत, कुंपणं आहेत, आणि हूम नाही. ओढ्याकाठचे करंज मात्र आहेत आणि त्यांच्या सावलीत बसणाऱ्यांना ते कुणी लावले हे माहीत नाही, ते ठीकच आहे.

त्याच वर्षी श्रावणात गवताची ओळख होती. पोरं डोळ्यांना फडकी बांधून एकमेकांवर आदळत होती, मास्तर ओरडत होते, आणि धोंडाबाईनं मला लांबूनच खूण केली. आम्ही दोघी वाकून, मग रांगत, शेवटी पोटावर सरपटत गेलो. गवताचं पाणी पोलक्यात झिरपलं. तिनं दोन बोटांनी गवत बाजूला केलं. हूम चालत होती, राणीसारखी, एक एक पाय उचलून. आणि तिच्या मागं, गवताच्या बुडाशी, मातीच्याच रंगाचं एक पिल्लू धडपडत, थांबत, पुन्हा धावत होतं. आईनं टोळ पकडला आणि त्याच्यापुढं टाकला. त्याला तो उचलता येईना. तिसऱ्या वेळी उचलला.

मला उठून ओरडावंसं वाटत होतं. अख्ख्या भूमला, साहेबांना, बार्शीच्या छापखान्याला सांगावंसं वाटत होतं. माझं तोंड उघडलेलं बघून धोंडाबाईनं त्यावर आपला हात दाबला. मी आतल्या आत इतकी हसत होते, की तिचा हातही हलत होता.